चांदणी आणि गुळाचा खडा

घोडी नेमकी कशाला घाबरते, सांगा बघू? नवं मध्यभारत राज्य झालं तेव्हाची गोष्ट. आमच्या काकांची टांग्याची घोडी चांदणी लगामाची कडी तोंडात घेईना. टांगा आठवडाभर दारात उभा. जनावरांचे डॉक्टर आले. काकांनी लाडानं गूळ पुढे केला, तशी चांदणी मागे सरकत थेट भिंतीला भिडली.

डॉक्टरांनी विचारलं, "गुड़ कब देते हो?"

काका म्हणाले, "हर बार, सुई से पहले. अब लगाम से पहले भी. बेचारी को हिम्मत आए."

"तभी तो! गुड़ देखा, कि समझ गई सुई आई."

मग आधी कडी, नंतर गूळ. चार दिवसांत टांगा पुन्हा देवास गेटच्या अड्ड्यावर.

सगळे हसले, मी सोडून. दवाखान्यात नेण्याआधी आई मला पेढा द्यायची. आजही कुणी विनाकारण पेढा दिला, की मी आधी दार कुठंय ते बघतो.