पान चार, ओळ सात ते अकरा

...नाही, तुम्हीच सांगा, बायकोने समोर बसवून सरळ विचारलं, ‘अहो, तुम्हाला काही माहीत आहे का?’ तर नवऱ्याने काय म्हणायचं? माहीत असेल तर हो, नसेल तर नाही, संपलं! जगातल्या सगळ्या नवऱ्यांना एवढं सोपं असतं. मी एकटाच असा करंटा, की माहीत असलं तरी म्हणायचं, मला काही माहीत नाही! आणि तेही पगारी!

म्हणजे काय, तुम्हाला सांगतो. मी सरकारी माणूस. आमच्या दारावर पाटी आहे, ‘माहिती कक्ष’. हसू नका. लोक लेखी अर्ज करतात, की अमुक कागद आम्हाला बघायचाय. कायद्याने दाखवावाच लागतो. मग आम्ही दाखवतो ना! फक्त दाखवण्याआधी त्यात जे बघण्यासारखं असतं ते काळं करतो. हे काळं करणं माझ्याकडे. साहेब लाल पेन्सिलीने ओळीच्या कडेला खूण करतात, मी स्टीलची पट्टी लावायची आणि काळ्या मार्करने एक हात मारायचा. मग कागद उजेडाला धरायचा. अक्षर दिसतंय? दुसरा हात. मग कोपऱ्यात ‘काळे करणार’ म्हणून सही, म्हणजे उद्या काही दिसलंच तर कुणाची मानगूट धरायची ते पक्कं. सव्वीस वर्षं हेच! मुलीच्या लग्नाच्या फोटोत बघा, माझी बोटं काळी आहेत. घरी सांगितलंय, शिक्क्याची शाई!

आणि नियम काय, माहितीये? ‘ओळ बघावी, वाचू नये.’ आता मला सांगा, डोळे आणि डोकं काय दोन वेगळ्या इमारतीत राहतात? नवा होतो तेव्हा साहेबांना विचारलं, ‘साहेब, न वाचता बघायचं कसं?’ आमचे साहेब म्हणजे... चहा मागवतानासुद्धा कानात सांगतात. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाले (अगदी हळू), ‘सवय होते.’ आणि झाली हो! कुणी म्हणतं, ‘तुमची मजा आहे बुवा, तुम्हाला आतलं सगळं माहीत!’ अरे कसलं आतलं? करोडो गोष्टी गेल्या असतील माझ्या बोटांखालून. मला काही माहीत नाही!

तर घर. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर एवढंसं, की खालचा खण उघडायचा तर आधी माणसाने बाहेर यायचं, मग खणाने. अकरा वर्षं आमची ही म्हणतेय, नवं करू या. अकरा वर्षं मी म्हणतोय, करू या की. शेवटी यंदा ठरलं. आणि नेमकी तेव्हाच आवई उठली, की आपल्या गल्लीतून काहीतरी जाणार. निवडणुकीला तिघं उभे होते. एक म्हणाला, मी पूल आणीन. दुसरा म्हणाला, मी आणीनच! तिसरा बिचारा म्हणाला, पूल कशाला हवा, तर त्याची अनामत गेली. पण पूल कुठून जाणार, ते कोणी सांगेना. हिने मला विचारलं. मी म्हटलं, मला काही माहीत नाही. आणि त्या दिवशी ते खरं होतं हो! देवाशप्पथ खरं होतं!

ही हुशार. म्हणाली, ‘मग मी तुमच्याच ऑफिसात अर्ज करते.’ आणि मी मूर्ख, काय म्हणालो? ‘कर की! हक्क आहे तुझा.’ हसलोसुद्धा वर.

पंधरा दिवसांनी, बुधवार होता, साहेबांनी टेबलावर फाईल ठेवली. अर्जदार कोण, तर आमची ही! पान चार, ओळ सात ते अकरा, कडेला लाल खूण. मी पट्टी लावली. मार्करचं टोपण काढलं. आणि आमच्या गल्लीचं नाव दिसलं... काय सांगू, सव्वीस वर्षांची सवय, अशी पाण्यात गेली! वाचलं. पाचही ओळी. दोनदा! आता त्यात पूल होता असं मी म्हणत नाही. पूल म्हणालो का मी? आमची इमारत खांबाच्या जागी येते, असंही मी म्हणत नाही. खांबाचा नंबर तर मुळीच सांगणार नाही, सतरा. नाही, नाही... काही म्हणालो नाही! मला काही माहीत नाही!

गेलो साहेबांकडे. म्हटलं, ‘साहेब, हे दुसऱ्या कोणाकडे द्या.’ साहेब म्हणाले (हळू), ‘का? तुम्ही वाचलंत?’ आता बघा हं गंमत! वाचलं म्हणावं, तर नियम मोडला, चौकशी, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, पेन्शनला तिलांजली. नाही वाचलं म्हणावं, तर मग तक्रार कशाची? मी म्हटलं, ‘नाही साहेब, मला काही माहीत नाही.’ साहेब म्हणाले, ‘मग करा काळं.’ केलं! दोन हात! असं सुरेख काळं मी आयुष्यात केलं नसेल.

आठवड्याने पाकीट घरी आलं. हिने फोडलं, पान चार काढलं, दिव्याला धरलं, उलटं करून धरलं, खिडकीत नेऊन धरलं. ‘अहो, बघा तरी! नेमकं हवं तेच! कोण मेला बसलाय हो तिथे? याला बायकामुलं नसतील का? जळो त्याचे हात!’ मी हात पाठीमागे घेतले. तुम्हाला खरं सांगतो, लाज वाटली. ही तिथे उभी आहे, चष्मा कपाळावर, तो काळा पट्टा बोटाने खरवडून बघतेय, आणि त्याच्याखाली काय आहे ते नीट माहीत असलेला माणूस चार फुटांवर उभा राहून म्हणतोय, ‘चहा टाकू का?’

मग हीच म्हणाली, ‘असेल कुणा कंत्राटदाराचं नाव, आपल्याला काय करायचंय! घराला काही होणार असतं तर सांगितलं नसतं का त्यांनी?’ केवढा हा विश्वास सरकारवर! आणि निघालो आम्ही रविवारी स्वयंपाकघर निवडायला.

आता माझ्यापुढे एकच काम, हिला काही घेऊ द्यायचं नाही, आणि का, ते सांगायचं नाही. शोरूमवाला म्हणाला, ‘पांढऱ्यात सतरा छटा आहेत.’ सतरा! मला तो आकडा ऐकूनच घाम फुटला. पण म्हटलं, वा, सतरा आहेत ना, मग बघू सावकाश. हस्तिदंती पांढरा बघितला, दुधी बघितला, मोत्याचा बघितला. म्हटलं, हा जरा जास्तच पांढरा वाटतो. शोरूमवाला म्हणाला, ‘ग्राहक राजा आहे, साहेब!’ राजा? अरे, दाराची मूठ गोल हवी की चौकोनी, ते राजाने ठरवायचं. दार राहणार की नाही, ते राजाला विचारतो कोण?

तीन रविवार मी असे काढले. मुठी नापसंत केल्या, बिजागऱ्या नापसंत केल्या. आणि तो फोन! मी कोणाला एका शब्दाने बोललो नाही, आणि तो मला जाहिराती दाखवायला लागला... पुठ्ठ्याची खोकी, सामान बांधायची टेप, ‘घर बदलताय?’ अहो, बोललो नाही, लिहिलं नाही, नुसतं मनात आणलं! मुलगी म्हणते, ‘बाबा, तुम्ही अटी मान्य केल्या असतील.’ केल्या असतील! एकशेवीस पानं होती, कोण वाचतो? मला तर न वाचण्याचीच सवय! सरकारात पाच ओळी लपवायला दोन माणसं लागतात आणि खिशातलं हे डबडं चौकाचौकात दवंडी पिटतंय. शेवटी तो मी डाळीच्या डब्यात ठेवला. तर हिने डाळ काढायला डबा उघडला. ‘हे काय?’ म्हटलं, मला काही माहीत नाही!

तिसऱ्या रविवारी परत येताना ही जिन्यातच बसली. म्हणाली, ‘तुम्हाला करायचंच नाहीये ना? सरळ सांगा. मी त्या खुराड्यातच मरायचं, असंच ना?’ आणि रडली हो. ही रडणारी बाई नाही. माझं तोंड उघडलं. अगदी उघडलं... आणि डोळ्यापुढे चौदा महिने आले, साहेब आले, नोकरीला लागताना गुप्ततेच्या शपथेखाली केलेली सही आली, आणि तोंडातून निघालं काय? ‘मोत्याचा पांढरा परत एकदा बघू या का?’

चौथा रविवार. शोरूमवाल्याने वही उघडली. ‘ताई, पत्ता?’ हिने सांगितला. त्याने पेन खाली ठेवलं. ‘अरेरे! पुलाच्या गल्लीतले का तुम्ही? मग ताई, हे बसवूच नका. सुटं होणारं घ्या. स्क्रू काढले की निघालं. तुमच्या गल्लीतले सगळे तेच नेतायत. तुमचा खांब कितवा? सतरा ना?’ ही म्हणाली, ‘कोण म्हणतं?’ तो म्हणाला, ‘सगळेच म्हणतात, ताई. पुलाच्या कंत्राटदाराचं स्वयंपाकघर आम्हीच केलं ना!’

अहो, मला असं हलकं वाटलं! महिनाभराचं ओझं, एका झटक्यात! आणि त्या आनंदात मी गाढव काय बोलून गेलो? ‘बघ! म्हणून तर मी घाई करत नव्हतो!’

ही वळली. ‘म्हणून म्हणजे?’ मी म्हटलं, ‘मला काही...’ पण हिने पर्स उघडली होती. स्वयंपाकघराची मापं हिने कशाच्या पाठीवर लिहिली असतील? पान चारच्या! कागद उलटला. कोपऱ्यातली सही बघितली. हीच सही मुलीच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं होती हो! सवयीने केली मी, सवयीने!

ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. नाही ओरडली. म्हणाली, ‘दोन हात मारलेत?’ मी म्हटलं, ‘हो.’ बस. त्यानंतर बोलणं बंद.

पुढच्याच महिन्यात पूल जाहीर झाला, घरोघरी नोटिसा. बदलीचं घर तीन ठिकाणी मिळेल, हवं ते निवडा. निवडलं हिनेच. कुठलं? मला काही माहीत नाही! सोमवारी मी ऑफिसला निघालो, तर खोकी बांधता बांधता म्हणाली, ‘संध्याकाळी इकडे येऊ नका. इथे कुलूप असेल.’ म्हटलं, ‘अगं, मग कुठे येऊ?’ म्हणाली, ‘लेखी अर्ज करा.’

केला. थट्टा समजू नका, ऑफिसात बसून, रीतसर, दोन प्रतींत केला आणि तिच्या फोनवर फोटो पाठवला. मुलीकडे उतरलो. मुलीला विचारलं, तर तीही आईला सामील. मनात म्हटलं, महिनाभर आता इथेच. पण नाही हो, चौथ्याच दिवशी पाकीट आलं, ऑफिसच्या पत्त्यावर. चौथ्या दिवशी! कुठलं सरकार देतं एवढ्या लवकर? हिचं अक्षर. आणि पत्त्याच्या तीन ओळींवर काळं. पण एकच हात मारलेला! मुद्दाम, हो, मुद्दाम! उजेडाला धरावा, वाचावा, आणि गुपचूप घरी यावं म्हणून. राग गेला होता हो तिचा.

आता तुम्हाला काय सांगू... टपालाच्या ढिगात आलं ते. सकाळपासून चाळीस कागद झाले होते, बाजूला साहेब उभे. मी पाकीट फोडलं, कागद उजेडाला धरला, अक्षरं दिसली. बघितली, वाचली नाहीत. पट्टी लावली, दुसरा हात मारला आणि खाली सही केली.