तुमच्या आयशीचं औषध

—दिलंय ना औषध, वन्सं, कोण म्हणतं नाय दिलं? तुमच्या आयशीनं स्वतः मागितलंन म्हणून दिलं. ती काळी-तांबडी कॅप्सूल—तुमचे दादा मुंबयहून शेजारच्या गंगारामाच्या हाती धाडतात ती. परवा दोन दिल्या, लघवीची आग जरा निवली, मग डबा बंद. ह्या घरातली रीतच ती, नाय का? दोन गिळायच्या, बाकीच्या पुढच्या दुखण्याला ठेवायच्या. ही रीत मी नाय घातली. मला आग झाली तेव्हाही दर खेपेला दोनच मिळाल्या—आग थांबली की तुमची आय म्हणायची, झालीस बरी, गोळ्या काय काजू हायत खात बसायला? आणि पाणी कमी पी, शेतावर बाईनं सारखं आडोशाला जाऊ नये.

मग मला दिवस गेले, सातव्या महिन्यात हुडहुडी भरली, पाठ फुटायला आली. तुमी इथंच होतात, ह्याच पडवीत, तांदूळ पाखडत. मी म्हटलं, वन्सं, आईला सांगा, मला सिव्हिलात न्या. सांगितलंत? नाय. सूप काय थांबलं नाय तुमचं. शेवटी सिव्हिलात न्यायला डोली काढली तेव्हा मी शुद्धीत नव्हते. मुलगी होती, वन्सं. डोकं भरून केस होते. रडली नाय.

तिथली डॉक्टरीण भली. लघवी तपासायला दिलीन—म्हणाली, अर्धवट गोळ्या खाऊन जंतू निबर झालेत, ही कॅप्सूल त्यांना आता काय करत नाय. इंजेक्शनांनी उठले मी. निघताना आणखी म्हणाली—घरात दुसऱ्या कुणाला असं झालं तर कॅप्सूल देत बसू नका, सरळ घेऊन या.

हां, आत कुडकुडत्येय ना, ती तीच हुडहुडी. कालपासून. कुणाला सांगितलं म्हणता? कुणालाच नाय. अशा काय बघताय? मागेल तेव्हा कॅप्सूल देत्येय, कपाळावर ओली पट्टी ठेवत्येय, वाडीत विचारा, तुळसा सासूचं किती करते म्हणतील. आणि खरं सांगू—ती कण्हली की मला बरं वाटतं. तिच्या तोंडून ‘न्या गो मला’ ऐकलं की फार बरं वाटतं.

उठलात? जा. गंगारामाला हाक मारा, पुरुष माणसं जमवा, न्या तिला. मी अडवत नाय. फक्त मला चल म्हणू नका—चूल पेटवायची हाय मला.