चेअरमनसाहेबांच्या खुर्चीत सटवा

शमुवेल : लिहून ठेवा बद्रीनाथराव. माझ्यासमोर बसलेलं माणूस पंधरा मिनिटांत मोकळं होतं. पुण्याला तीन वर्षं हेच शिकलोय मी. समुपदेशन.

बद्रीनाथ : आठ दिवस झाले तुमाला दूध सोसायटीची खोली देऊन. किती झाले मोकळे?

शमुवेल : सात माणसं येऊन गेली.

बद्रीनाथ : सेक्रेटरी हाय मी, दारातच बसतो. पाचजण टँकरला नाव लिवाया आलते. एकजण दुधाचं कॅन घेऊन आलता. दुष्काळानं सोसायटी बंद पडली, त्याला पत्ताच न्हाई. आन सातवा मीच. किल्ली द्याया.

शमुवेल : तुम्हीही मोकळेपणानं बोललात की.

बद्रीनाथ : पंखा लावू नका म्हणलो. बरं, आज खरं गिऱ्हाईक आलंय बगा. साखराबाई, नेकनूरच्याच. या ओ आत.

शमुवेल : गिऱ्हाईक नाही हो, क्लायंट. या मावशी, त्या पोत्यावर बसा. अजिबात संकोच करू नका. इथं बोललेलं इथंच राहतं.

साखराबाई : मग कशापायी बोलू? मला ते सटवापतूर पोचवायचंय.

शमुवेल : सटवा कोण?

साखराबाई : धाकला भाऊ माझा. आज मेंढरं टेम्पोत घालून गंगाथडीला, गोदावरीच्या काठाला चाललाय. इथं चारा न्हाई, पाणी न्हाई. एकदा गेला की आठ म्हयने त्वांड दिसत न्हाई त्याचं. दोन वर्सं झाली, आमी बोललाव न्हाई. आज न्हाई बोलले तर ऱ्हायलंच ते. तुमी एवढं सांगा, पयला शबूद काय बोलू?

शमुवेल : मी सांगत नसतो मावशी. मी ऐकतो.

साखराबाई : ऐकाया आमच्या दारात लिंब हाय की.

शमुवेल : भांडण कशावरून झालं?

साखराबाई : पाण्यावरून. त्याच्या लेकीचं लगीन. हळदीचं न्हाणं आत्यानं घालायचं असतं, मान हाय तो. तवा टँकर यायचा तिसऱ्या दिशी. नवरी पाटावर बसल्याली, मी हंडा घेऊन हुबी. आन ह्यो समद्यांम्होरं म्हणतो, अक्का, निम्माच वत, निम्मा एडक्याला ठिव.

शमुवेल : एडका म्हणजे?

साखराबाई : मेंढा ओ! कोन्या गावचे तुमी?

शमुवेल : वडवणीचा.

साखराबाई : आन एडका ठावं न्हाई? काय शिकवलं पुण्याला?

शमुवेल : पुढं काय झालं?

साखराबाई : अख्खा हंडा वतला.

शमुवेल : नवरीवर?

साखराबाई : सटवावर. व्याह्यांच्या म्होरं. नवा पटका, नवी बंडी, समदं टिपटिप गळायलंय. तसाच हुबा ऱ्हायला. म्हणला, अक्का, मला भिजवलंस त्याचं काय न्हाई. पाणी सांडलंस. तवापून अबोला. आन खरं सांगू का? त्याचं बरोबर हाय. पर मी मोठी हाय ना. कसं म्हणू?

शमुवेल : छान. फार छान. आता आपण एक पद्धत वापरू. ही समोर रिकामी खुर्ची आहे. तिच्यात सटवा बसलाय असं समजायचं आणि मनातलं सगळं बोलायचं.

साखराबाई : ह्या खुर्चीत?

शमुवेल : हो.

साखराबाई : ही भगवानराव चेअरमनची हाय. टावेल हाय तिच्यावर.

शमुवेल : ते आत्ता नाहीत ना इथं.

साखराबाई : म्हणून सटवाला बसवू? त्यो काय निवडून आलाय?

शमुवेल : फक्त मनात बसवायचं.

साखराबाई : मनातबी बसायचा न्हाई त्यो. भगवानराव दिसले की भुईवर बसतो, तीबी पायरीच्या खाली.

शमुवेल : बद्रीनाथराव, दुसरी खुर्ची आहे का हो?

बद्रीनाथ : सोसायटीत खुर्ची एकच असती सर. तिच्यापायीच तर दोन पॅनल हुबे ऱ्हातेत. तुमी बसलाव ते पालथं कॅन हाय.

शमुवेल : मग निदान टॉवेल तरी काढतो.

बद्रीनाथ : हात लावू नका! साहेब बीडला असले की टावेल धरूनच कोरम मोजतो आमी.

शमुवेल : मावशी, एकच वाक्य बोला. प्रयत्न तर करा.

साखराबाई : तुमी दावा की करून आदी. तुमी कुनाशी बोलत न्हाई?

शमुवेल : मी? माझं सगळ्यांशी… म्हणजे, वडील आहेत.

साखराबाई : काय करतेत?

शमुवेल : पाळक आहेत, चर्चमध्ये. रविवारी त्यांचा उपदेश सुरू झाला की रस्त्यावरचे बैल थांबायचे. मीही पाळक व्हावं असं त्यांना वाटायचं. मी हे शिकायला पुण्याला गेलो. नाताळात त्यांनी मोठ्या हौसेनं मला चार शब्द बोलायला उभं केलं. आणि मी भर चर्चमध्ये म्हणालो, पप्पा, तुम्ही नुसतं बोलता, ऐकत नाही.

साखराबाई : आगं बया. मग?

शमुवेल : म्हणाले, बरं, आजपासून ऐकतो. चार वर्षं झाली. अजून ऐकतायत.

साखराबाई : फोनबी न्हाई?

शमुवेल : करतो ना. उचलतात. ‘हं’ म्हणतात आणि ऐकत राहतात. मग मलाच काही सुचत नाही. आमच्या शास्त्रात याला उत्तम श्रवण म्हणतात. माझ्या पुण्याच्या सरांनासुद्धा इतकं जमत नव्हतं.

साखराबाई : आन तुमी मला शिकवाया बसलाव! मिटा डोळे. बसवा बापाला खुर्चीत.

शमुवेल : मावशी, ही वेळ तुमची आहे.

साखराबाई : मिटा म्हणते ना!

शमुवेल : पप्पा, सलाम. मी शमुवेल. पप्पा, मी लोकांना सांगतो की मी उपदेश करत नाही, ही माझी पद्धत आहे. पद्धत कसली. काय बोलावं कळत नाही म्हणून गप्प बसतो. कुणी प्रार्थना करा म्हणलं तर मनातल्या मनात करतो, तुमच्यासारखा आवाज न्हाई म्हणून. पप्पा, मी लहान असताना विहिरी आटल्या, तवा तुमी चारा छावणीत जाऊन बसायचा. मी सायकलच्या दांडीवर. माणसं दोन दोन तास बैलांचं सांगायची आन तुमी हूं का चूं करायचा न्हाई. ते बघून मी ह्या धंद्यात आलो. पुण्याला इचारलं, प्रेरणा काय, तर मला लाज वाटली, मी एका जाड पुस्तकाचं नाव सांगितलं. तुमी ऐकत न्हाई, हे खोटं बोललो मी पप्पा. समद्यांम्होरं…

(बराच वेळ नुसते हुंदके.)

बद्रीनाथ : सर. ओ सर. उघडा डोळे.

शमुवेल : माफ करा मावशी. आता तुमची पाळी.

बद्रीनाथ : मावशी कुठली, मी हाय. तुमी ‘सलाम’ म्हणलाव आन फाट्यावर टेम्पोचा हारन वाजला. तशी उठली ती. पळत गेली आन टेम्पोला आडवी झाली.

शमुवेल : बोलली भावाशी?

बद्रीनाथ : बोलली की.

शमुवेल : पहिला शब्द काय बोलली?

बद्रीनाथ : ‘सरक.’

शमुवेल : सरक?

बद्रीनाथ : सटवा सरकला. ही बसली त्याच्या बाजूला. गेली गंगाथडीला. फाट्याच्या वळणापतूर दोघं भांडतच गेले, लई मोकळे.

शमुवेल : म्हणजे माझी पहिली केस यशस्वी झाली! किती मिनिटं लागली?

बद्रीनाथ : तिला दोन. तुमाला पाऊण तास. मधी तिघंजण टँकरचं इचाराया आलते. तुमाला रडताना बगून समजले, टँकर रद्द झाला. गावभर झालंय आता ते.

शमुवेल : मी वडवणीला जातो, बद्रीनाथराव. आत्ताच. फोनवर नाही जमायचं हे.

बद्रीनाथ : कशानं जाताव?

शमुवेल : मोटारसायकल आहे की बाहेर.

बद्रीनाथ : तिला साखराबाईच्या दोन शेळ्या बांधल्यात. येतानाच बांधल्या तिनं. जाता जाता म्हणली, सर हायेत, ते समद्यांचं ऐकून घेतेत.

शमुवेल : आठ महिने?

बद्रीनाथ : सीट खाल्लं त्येंनी.