पर्यायी सोय जवळच आहे

...नाही, मला एक सांगा, जवळ म्हणजे किती? हसू नका, तुम्ही शिकलेली माणसं आहात, तुम्हीच सांगा. शेजारी वाटीभर साखर मागायला जातो, ते जवळ. ओट्यावरून हाक मारली की माणूस 'ओ' देतो, ते जवळ... आमचे बाबा सोडून, त्यांना मांडीला मांडी लावून बसून हाक मारली तरी ते 'ओ' देत नाहीत, त्यांचं येतंच पुढे. पण आमच्या गावचं पोस्ट बंद झालं ना, तेव्हा दारावर एक कागद चिकटवला, 'ग्राहकांची गैरसोय होऊ नये म्हणून पर्यायी सोय जवळच आहे.' तेव्हापासून तुम्हाला सांगतो, कुणी 'जवळच आहे' म्हटलं की मी आधी बसचे पैसे मोजतो.

आता पोस्ट म्हणजे काय, एक खोली! एक खिडकी, एक बाई, एक काटा आणि बाहेर लाल पेटी. त्या खिडकीची फळी मी स्वतः बसवलेली, सुतारच आहे मी, अशी रंधा मारून गुळगुळीत केली होती की बाई म्हणायच्या, तिकिटं घसरतात हो यावरून. तर तो कागद लावायला जे साहेब आले, त्यांना मी सरळ विचारलं, साहेब, जवळ म्हणजे नक्की कुठे? त्यांनी गाडीच्या टपावर नकाशा पसरला आणि पट्टी ठेवली. "हे तुम्ही, हे ते. बोटभर अंतर आहे." म्हटलं, साहेब, मधे ही निळी रेघ कसली? तर म्हणाले, नदी. म्हटलं, मग पूल? तर म्हणाले, पूल आमच्या खात्याकडे येत नाही... मी काय कावळा आहे? आमच्या गावाहून बस धरायची, ती नदीच्या काठाकाठानं खाली जाणार, पार आत्याच्या गावाला, कारण पूल तिथे. तिथे उतरायचं, दुसऱ्या बसची वाट बघायची, ती येईल तेव्हा येईल, मग पूल ओलांडून पलीकडच्या काठानं तेवढंच परत वर. उतरून मागे वळून बघितलं तर समोर नदी आणि नदीपलीकडे आमचंच घर! वाळत घातलेला माझा सदरा दिसतो तिथून. पण जवळच आहे, बरं का.

आणि सोय तरी कसली? हार्डवेअरचं दुकान आहे ते. पुढे खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे, आणि मागच्या कोपऱ्यात पोस्टाचं काउंटर. दुकानदार एकच, तोच खिळे जोखतो, तोच पाकिटं जोखतो. नवी पिढी म्हणेल, हव्यात कशाला पत्रं, फोन आहे की! अहो, आहे ना फोन. पण आमच्या बाबांना ऐकू येत नाही. यंत्र आहे, चांगलं कानात घालायचं यंत्र आहे, पण ते ठेवतात सदऱ्याच्या खिशात. का? तर म्हणे सेल संपतो. आता खिशातल्या यंत्रानं खिशाला ऐकू येणार, बाबांना कसं येणार? पण कोण समजावणार, आणि समजावलं तरी ऐकणार कोण.

तर पोस्ट बंद होणार ही दवंडी गावभर झाली, कर्ण्यावरून झाली, मी घरी येऊन जेवताना सांगितली. बाबा म्हणाले, "हो हो." त्यांचं 'हो हो' म्हणजे काय असतं हे आम्हाला कळायला हवं होतं! कारण बाबा पत्र लिहितात रविवारी. आत्याला, म्हणजे त्यांच्या बहिणीला, तिचं लग्न झालं तेव्हापासून दर रविवारी एक पत्र. संध्याकाळी फिरायला जाताना पेटीत टाकायचं. आणि रविवारी पोस्टाचं दार कायमच बंद! मग ते कायमचं बंद झालंय हे त्यांना कुठून कळावं? कागद दारावर. पेटी रस्त्यावर. आणि पेटीचं तोंड उघडंच, ते बुजवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. टाकतायत आपले पत्रं, रविवारमागून रविवार.

बरं, पत्रं साधी असती तर मी तुमच्यापुढे एवढी डोकेफोड केली नसती. झालं काय, पोस्टाच्या अगदी शेवटच्या टपालात आत्याचं पत्र आलं होतं. तिचा मुलगा नोकरीसाठी परदेशी चालला, राहतं घर भाड्याचं, ते सोडायचं होतं. तिनं लिहिलं होतं, दादा, मी तुझ्याकडे राहायला येऊ का? एवढंच. आत्या आमची भारी मानी, असं विचारायला तिला काय पडलं असेल मला ठाऊक आहे. बाबांनी त्याच रविवारी उत्तर लिहिलं, ये, विचारतेस काय. टाकलं पेटीत. पुढच्या रविवारी, कधी येतेस? टाकलं पेटीत. त्याच्या पुढच्या रविवारी, मागची खोली मी स्वतः रंगवून काढली आहे, खिडकीतून नदी दिसते. तेही टाकलं पेटीत! आणि आम्हाला काय माहीत? काही नाही. पत्रातलं बाबा कुणाला सांगत नाहीत, आम्हाला वाटलं म्हातारपणी रंगकामाचा नाद लागला.

आणि इकडे काय झालं ऐका. आत्याचा फोन आला. मीच उचलला. इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच विचारते, "दादाचा हात बरा आहे ना रे?" आता मला काय कळणार? मी आपला उत्साहानं, "हात? हात एकदम ठणठणीत, आत्या, काल अख्खी खोली रंगवली त्यांनी एकट्यानं!" मग म्हणाली, "बरं." आणि ठेवला फोन. मी बायकोला म्हटलं, बघ, आत्याला भावाची किती काळजी. माझ्यासारखा शहाणा मीच! म्हणजे तिनं काय समजायचं? भिंती रंगवायला हात आहे, दोन ओळी लिहायला नाही. म्हणजे उत्तर काय? नको येऊस.

कळलं केव्हा? एका रविवारी बाबा परत आले ते पत्र हातात घेऊनच, आणि तणतणत. म्हणे पेटी घास घेत नाही. मी जाऊन बघतो तर पेटी गच्च! एकटे बाबा नव्हते हो, निम्मं गाव टाकत होतं. आमच्या शिंप्याच्या मुलीच्या लग्नाच्या सगळ्या पत्रिका त्यात. तरीच लग्नाला कुणी फिरकलं नाही. शिंपी साऱ्या भावकीशी भांडून बसला, जेवणाची पातेली दोन दिवस गावाला पुरली, आणि पत्रिका इथे कोरड्या ठणठणीत. मी बाबांच्या खिशातलं यंत्र काढून त्यांच्या कानात घातलं आणि सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसले. मग त्यांनी आत्याच्या पत्राचं सांगितलं, आणि म्हणाले, "ती वाट बघून गेली असेल रे कुठेतरी." मी धावत आत गेलो. फोन लावला तर आत्या उचलेना.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन निघालो. आधी आत्याकडे, मग पेटीची किल्ली मागायला पुढे. बस, काठ, आत्याचं गाव... आत्याच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, पोस्टाच्या कामाला गेल्यात. कुठे? शेजारीण म्हणाली, जवळच. मला रडावं की हसावं कळेना. त्यांचंही पोस्ट बंद झालं होतं, त्यांनाही सोय तीच, खिळ्यांच्या दुकानात! दुसरी बस, पूल, पलीकडचा काठ. बाबांच्या कानात वाटभर यंत्र होतं, मी दोनदा बघितलं.

दुकानात शिरलो तर आत्या काउंटरला पाठमोरी उभी. हातात पिशवी, आणि दुकानदाराला सांगतेय, पत्ता बदलायचाय, यापुढे माझं टपाल वृद्धाश्रमात पाठवा. तुम्हाला सांगतो, मी दारातच थांबलो. बाबा मात्र तडक पुढे गेले, मधे रंगाचे डबे होते ते ढकलून, आणि म्हणाले, "कुठला पत्ता घालतेस?"

आत्या वळली. बघितलं तिनं भावाला वरपासून खालपर्यंत, हातांवर जरा जास्तच वेळ बघितलं. म्हणाली, "तुला काय करायचंय? दोन ओळी लिहायला जड झाल्या तुला."

"एक रविवार चुकवला नाही मी," बाबा म्हणाले.

मग मी मधे पडलो. बंद पोस्ट, उघडी पेटी, रविवार, शिंप्याच्या पत्रिका, सगळं एका दमात ओतलं. आत्या ऐकत होती. रंगवलेल्या खोलीपाशी आलो तेव्हा ती बाबांना म्हणाली, "खोली माझ्यासाठी?" बाबा म्हणाले, मग काय पेटीसाठी? आणि तिथेच, बिजागऱ्यांच्या खोक्यावर बसून ती रडली हो. बाबाही रडले. दुकानदारानं गिऱ्हाइकाचे खिळे जोखायचे थांबवले, एवढं मात्र त्याच्या नावावर मांडायला हवं.

पण किल्ली? किल्ली नाही म्हणाला. का? तर कागदोपत्री ती पेटी उचलून नेलेली आहे. म्हटलं, अहो, उभी आहे, मी हात लावून आलोय. म्हणे असेल, पण ती नाही. मग मी सुताराचं डोकं चालवलं, म्हटलं, नाहीच तर फोडतो, नसलेली पेटी फोडायला गुन्हा कसला? तर शांतपणे म्हणतो, फोडलीत तर ती होती असं होईल. पत्रं अजून आतच आहेत. आत्या तिथून जाताना फटीला डोळा लावून बघते आणि म्हणते, ते अक्षर दादाचंच.

आत्या आमच्याकडेच आहे आता, त्या खोलीत, नदी बघत. संपलं म्हणाल तुम्ही. कसलं संपतंय! आत्या आली तसं बाबांनी यंत्र परत खिशात टाकलं. म्हणे बहीण घरात आहे, आता सेल कशाला जाळायचा? पहिले दिवस आत्या ओरडून बोलली, घसा बसला. मग तिनं एक कागद घेतला, 'दादा, चहा घेणार का?' लिहिलं, घडी घातली आणि मला हाक मारली. मी नेऊन दिला. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, पेन काढलं, सावकाश उत्तर लिहिलं, प्रकृतीची चौकशीसुद्धा केली, आणि घडी माझ्या हातात! तेव्हापासून सुरू आहे. हातातली करवत तशीच लाकडात रुतलेली असते आणि मी आपला या खोलीतून त्या खोलीत. रविवारचीसुद्धा सुट्टी नाही! काल अगदीच टेकीला आलो, म्हटलं, आत्या, मधे एक भिंत आहे गं, तूच नेऊन दे की स्वतः. तर तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, घडी पुढे केली आणि म्हणाली, "जवळच तर आहे. जाऊन ये."

गेलो. काय करतो...