विश्रामतात्यांचा उजवा डोळा

काकी, मीना, चाळीतले सगळे लहानथोर, आणि आमच्या कारखान्यातली मंडळी,

मला बोलायला उभं केलंत. मी सदा. विश्रामतात्यांच्या हाताखाली बावीस वर्षं सुतारकाम केलं. गेल्या मंगळवारी तात्या तापाचं निमित्त होऊन गेले. त्यांच्याबद्दल चांगलं सगळेच बोलले. मला माझं वाईट सांगायचंय.

तात्या फळी कशी तपासायचे, आठवतं ना? फळी खांद्याला लावायची, डावा डोळा मिटायचा, उजव्याने कडेवरून बघायचं. बस्स. कधी फळीला मापाची पट्टी लावली नाही. म्हणायचे, "डोळो आसा तर पट्टी कित्याक व्हयी?" आणि आमच्यात रीत होती. तात्यांनी बघितलेल्या फळीला दुसऱ्याने पट्टी लावायची नाही. तो त्यांचा अपमान.

दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. मी फळी रंधून द्यायचो. तात्या म्हणायचे, "सदा, बाकली हा. परत मार रंधो." मी परत मारायचो. परत बाकलेली. फळ्या कागदासारख्या पातळ झाल्या हो! मला वाटलं, म्हातारा माझ्यावर खार खातोय. सहा महिने मनात धुमसत राहिलो.

मग एके दिवशी डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी फळीला पट्टी लावली. केसाएवढी फट नव्हती. म्हटलं, "बघा तात्या. आता घरी बसा."

तात्यांनी रंधा खुंटीला टांगला आणि गेले. तीन महिने आले नाहीत. काळाचौकीतल्या कारखान्यातून त्यांच्या घरी जायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. गेलो मी? नाही गेलो.

त्याच दिवसांत एका सकाळी त्यांनी लेकीला, मीनाला सांगितलं, उजव्या डोळ्यासमोर मधोमध काळं दिसतंय. ती त्यांना परळला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी चौकड्यांचा कागद पुढे धरला. डाव्या डोळ्याने रेघा सरळ. उजव्याने कडेच्या रेघा वाकलेल्या, मधल्या गायबच. मीनाने मला बाईंचं बोलणं नंतर सांगितलं. डोळ्याच्या पडद्यामागे, अगदी मधोमध, जिथून आपण वाचतो, बारीक काम करतो, तिथे नको त्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. त्या झिरपतात, पडदा फुगतो, सरळ रेघ वाकडी दिसते. मग रक्त सांडतं आणि मधोमध डाग पडतो. दुखत काहीच नाही. दोन्ही डोळे उघडे असले, तर चांगला डोळा सांभाळून घेतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही.

घरी त्यांना कसं कळणार होतं? एक डोळा मिटून तात्या फक्त फळी बघायचे. म्हणजे त्यांचा आजार रोज माझ्यासमोर बोलत होता. मीच ऐकत नव्हतो.

डोळ्यात इंजेक्शनं घेतली. डाग वाढायचा थांबला, पण गेलेली नजर आली नाही. लवकर आला असतात तर बरंच वाचलं असतं, असं बाई म्हणाल्या. नंतर तात्या कारखान्यात नुसते स्टुलावर येऊन बसायचे, फळीवरून बोट फिरवायचे. डावा डोळा धड होता, पण त्यावर त्यांचा भरवसा बसला नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "त्यो फळयो सरळच होत्यो ना रे?"

मी म्हटलं, "नाही तात्या. थोडा बाक होता."

तात्या हसले. "खोटा बोलतंस, सदा." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माफी मागायची माझी हिंमत झाली नाही. आज मागतो. कोणाकडे मागतो, ते मला माहीत नाही.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू. पण डोळे मिटू नका. समोरच्या खिडकीच्या गजांकडे बघा. एक मिनिट डावा डोळा हाताने झाका, एक मिनिट उजवा. कोणाला गज वाकलेले दिसले, तर लाजू नका. जाताना मला सांगा. उद्या सकाळी मी स्वतः तुमच्याबरोबर परळला येईन.

तात्या, चुकलो.