धुतलेली नस

डायलिसिसच्या खोलीबाहेर धम्मशीला बसली होती. तिचा नवरा आत मशीनवर होता. शेजारी सेलूकडचे आबासाहेब आपला सुजलेला हात कुरवाळत बायकोला, नर्मदाबाईंना, सांगत होते.

"मशीनची सुई टोचायची ही नस बाद झाली म्हनतेत. आता कारखान्यात वाढवलेली बसवायची."

"वाढवतेत कशातून?"

"मेलेल्या मान्सानं दान केलेल्या पेशीतून. मंग पेशी समद्या धुऊन काढतेत, नुसती नळी ऱ्हाती."

"कोन मानूस?"

"ते सांगत न्हाईत."

"सांगत न्हाईत म्हंजे कायतरी हाय. आडनाव तरी इचारायचं!"

"इचारलं. डॉक्टर हसला."

"हसंलच. त्याच्या अंगात थोडीच घालायचीय? आन् धुतल्यानं समदं निघतंय व्हय?"

"मरन्यापरीस बरं की, नर्मदे."

"मेल्यावर बी खांद्याला भावकीच लागती, ध्यानात ठिवा."

बोलून बोलून नर्मदाबाईंचा घसा कोरडा पडला. त्यांनी धम्मशीलाकडं हात केला.

"पोरी, पानी हाय का गं?"

तिनं बाटली दिली. दोन घोट पिऊन त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"लय गुनाची हायेस. आडनाव काय म्हनलीस?"

"पोटभर पिऊन घ्या आदी, मावशी. मंग सांगते."