गाडी कुणाला विचारावी

गंगाखेडच्या स्टँडवर दिनकरराव धोतराचा सोगा सावरून बाकावर टेकले, तोच पाठीमागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची तरणी नात येऊन बसल्या. त्यांचं बोलणं आपसूक कानांवर यायला लागलं.

“सत्यशीला, कालिजात काय इचारलं गं तुला?”

“संशोधन कशावर करनार म्हनून, आजी. मी म्हनलं, गिरंथालयात पुस्तकं लावायची कशी, जुने कागद जपायचे कसे, पायजे ते झटकन सापडावं कसं.”

“मग?”

“आनिक एक हाय. मानसाला काई माहिती पायजे असली तर तो कुनाला इचारतो, कुनाला इचारत न्हाई.”

“ह्याचा बी अभ्यास असतो? मी तर गाडी स्टँडवरच्या बांगडीवालीलाच इचारते.”

“एखाद्या शिकलेल्याला का न्हाई?”

“त्यो आधी गाव इचारतो. मग कुनाच्या घरची, मग कोन्त्या वस्तीतली. तवर गाडी निघून जाती.”

“अशी गेलती कधी?”

“तुह्या मायच्या बाळंतपनाला निघाले तवा. दुसऱ्या गाडीनं पोचले, तर तू रडायलतीस अन् माय कायमची गप झालती.”

 तेवढ्यात एक गाडी आत शिरली.

“बोर्ड वाच गं.”

“थांब आजी, डोळे पुसू दे. दिसंना.”

म्हातारीनं इकडंतिकडं पाहिलं. बांगडीवाली कुठंच नव्हती.

“दादा, ही राणीसावरगावची हाय का?”

‘तुमी कुनाच्या?’ दिनकररावांच्या ओठांवर सवयीनं आलं. ते त्यांनी गिळलं.

“तीच हाय, माय. तुमी या सावकाश. मी गाडी थांबवतो.”